पाण्यात गेलेला पारा

मंडळी, पारा आपण बहुतेकांनी पाहिलेला आहे. ताप मोजायच्या काचेच्या नळीत जी चकचकीत रेघ वर चढते, तो पारा. नळी हातातून पडून फुटली, की त्याच्या बारीक गोळ्या होतात आणि जमिनीवर घरंगळत जातात. बोटाने धरू जावे, तर त्या निसटतात. दिसायला चांदीसारखा आणि वाहायला पाण्यासारखा, असा हा पदार्थ आहे. पण तो पाणी नव्हे, धातू आहे. लोखंड, तांबे, पितळ यांच्या बिरादरीतला. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो भरते. एक लिटर पारा मात्र साडेतेरा किलोंहून जास्त भरतो! म्हणून अशा धातूंना जड धातू म्हणतात. पारा, शिसे, कॅडमियम हे त्यांतले मुख्य. ज्याला आपण सोमल म्हणतो ते विषही यांच्याच जोडीने मोजले जाते.

हे धातू पाण्यात गेले तर काय होते? माशांचे काय होते, पाखरांचे काय होते, आणि शेवटी माणसाचे काय होते? हे आज आपण पाहणार आहोत. नुसते सांगून ते मनात ठसत नाही. म्हणून आम्ही एका गावाची खरी हकीकत सांगतो. हे गाव जपान देशात आहे. त्याचे नाव मिनामाता.

कुजणारी घाण आणि न कुजणारी घाण

आधी एक गोष्ट समजून घेऊ. शेण उकिरड्यात टाकले तर ते कुजते. पालापाचोळा कुजतो. मेलेले जनावरही कुजते. चार-सहा महिन्यांनी त्याची माती होते, आणि त्याच मातीत पुढे ज्वारी डोलते. निसर्गाने ही सोय करून ठेवली आहे.

धातूला मात्र कुजणे ठाऊक नाही. पारा आज पाण्यात टाकला, तर तो उद्याही पारा, दहा वर्षांनी पारा आणि शंभर वर्षांनीही पाराच. तो गाळात बसेल, वाळूत दडेल, माशाच्या पोटात शिरेल. पण नाहीसा होणार नाही. आपल्या शरीराला लोखंड, तांबे, जस्त थोडे थोडे लागते. पारा किंवा शिसे मात्र शरीराला रतीभरही लागत नाही. त्यांचे शरीरात काहीच काम नाही. म्हणजे पाहुणा बिनकामाचा, आणि घरात शिरला की लवकर न निघणारा!

मिनामाता गाव

जपान हा बेटांचा देश आहे. त्यातले दक्षिणेचे मोठे बेट म्हणजे क्युशू. या बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर मिनामाता वसले आहे. समोर शिरानुई नावाचा समुद्र आहे. त्याच्या पलीकडे बेटांची रांग आहे. त्यामुळे हा समुद्र उघडा नाही. मोठ्या तळ्यासारखा सगळीकडून वेढलेला आहे. लाटा शांत, पाणी ऊबदार. अशा पाण्यात मासे अंडी घालायला येतात. म्हणून इथे मासळी भरपूर होती.

किनाऱ्याने कोळ्यांच्या वाड्या होत्या. माणसे गरीब. शेतजमीन थोडी. पण समुद्र कुणाला उपाशी ठेवत नव्हता. सकाळी मासा, दुपारी मासा, रात्रीही मासा. आपल्याकडे भाकरी जशी, तसा त्यांना मासा.

या गावात १९०८ साली एक कारखाना आला. पुढे तो मोठा झाला. चिस्सो हे कंपनीचे नाव. तिथे रासायनिक खते होत असत. गावाला आनंद झाला. पोरांना नोकऱ्या लागल्या, दुकाने चालू लागली. गावाचा कारभारही कारखान्याच्या कराच्या पैशावर चालू लागला. हे लक्षात ठेवा, कारण पुढच्या गोष्टीत याला महत्त्व आहे.

१९३२ साली कारखान्याने ॲसिटाल्डिहाइड नावाचा पातळ पदार्थ करायला सुरुवात केली. त्यापासून पुढे प्लास्टिकला लागणाऱ्या व इतर अनेक वस्तू होतात. तो करताना पारा वापरावा लागे. पाऱ्याचे काम कोणते? तर लग्न जमवणाऱ्या मध्यस्थाचे. एक प्रकारचा वायू आणि पाणी यांची जोडी पारा जमवून देई, आणि स्वतः बाजूला राही. पण थोडा पारा मात्र बाजूला राहत नसे. त्याचे रूप बदलून त्याचा मिथिल पारा होई. साध्या पाऱ्याहून हा फार घातक. शरीरात तो झटकन शिरतो. सांडपाण्याबरोबर तो गटारातून खाडीत जाई. असे एक नाही, दोन नाही, छत्तीस वर्षे चालले.

पाणी स्वच्छ, मग मासा विषारी कसा?

इथे कुणीही विचारील, “अहो, समुद्र केवढा! त्यात चार भांडी पारा पडला तर काय बिघडले?” कारखान्यातल्या शहाण्या माणसांनाही असेच वाटले असेल. पण समुद्र विष पातळ करतो, तर समुद्रातले जीव तेच विष गोळा करतात. कसे ते पाहा.

पाण्यात डोळ्यांना न दिसणारे बारीक शेवाळ असते. ते पाण्यातून मिथिल पारा शोषून घेते. त्या शेवाळावर बारीक किडे जगतात. एक किडा जन्मभर किती शेवाळ खातो! खाल्लेले शेवाळ पचून जाते, पण पारा किड्याच्या अंगात राहतो. असे कितीतरी किडे एक लहान मासा खातो. त्या सगळ्यांचा पारा एका माशात जमा होतो. लहान माशांना मधला मासा खातो, मधल्याला मोठा.

समजण्यापुरता हिशेब करू. एका लहान माशात एक कण पारा आहे असे धरा. मधल्या माशाने असे शंभर लहान मासे खाल्ले, तर त्याच्यात शंभर कण. मोठ्याने पन्नास मधले मासे खाल्ले, तर त्याच्यात पाच हजार कण. खरा हिशेब इतका सरळ नसतो, थोडा पारा बाहेरही पडतो. पण चाल हीच. मोठ्या शिकारी माशाच्या मांसात भोवतालच्या पाण्याच्या दहा लाख पट, कधी त्याहूनही जास्त मिथिल पारा सापडतो. पाणी तपासले तर स्वच्छ दिसावे आणि मासा मात्र विषाची कुपी असावा, हे असे घडते. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण आपण चांगल्या कामासाठी वापरतो. विषालाही ती लागू पडते.

आणखी एक. हा पारा माशाच्या चरबीत नव्हे, मांसात मुरतो. तो धुऊन जात नाही. शिजवून जात नाही. तळला, भाजला, सुकवला तरी जात नाही. माशाच्या चवीत फरक पडत नाही, वासही येत नाही. म्हणून खाणाऱ्याला काही कळत नाही.

आधी मुक्या जिवांनी सांगितले

१९५० च्या सुमारास खाडीत विचित्र गोष्टी दिसू लागल्या. मासे पोट वर करून तरंगू लागले. काही जिवंत असत, पण त्यांना नीट पोहता येत नसे. जाळे न टाकता नुसत्या हाताने धरता येत. किनाऱ्याचे शिंपले मरून उघडे पडले. पाणवनस्पती वाढेनाशा झाल्या.

मग पाखरांची पाळी आली. कावळे मेलेले मासे खात. उडता उडता ते मधेच खाली पडू लागले. काही खडकावर आपटले, काही पाण्यात पडले.

मग मांजरे. कोळ्याच्या घरात मांजर असतेच. जाळी कुरतडणाऱ्या उंदरांसाठी ते पाळावे लागते. उरलेसुरले मासे त्याला मिळतात. ही मांजरे एकाएकी लडखडू लागली. तोंडातून लाळ गळे. मधेच ती गरगर फिरत, उड्या मारीत, भिंतीवर आपटत. काही धावत जाऊन समुद्रात पडून मेली. लोक म्हणू लागले, “मांजरांना नाचाचा रोग झाला.” काहींना आधी हसू आले. पण हे नाचणे नव्हते. मेंदू जळाल्यावर शरीर जसे आवरत नाही, तसे ते तडफडणे होते.

मोदो नावाच्या कोळीवाडीत १९५४ साली शंभरेक मांजरे होती. ती जवळजवळ सगळी मेली. मग उंदीर मोकाट सुटले आणि जाळी कुरतडू लागले. कोळी नगरपालिकेत गेले आणि म्हणाले, “आमच्या उंदरांचा काहीतरी बंदोबस्त करा.” ही बातमी तिथल्या वर्तमानपत्रात छापून आली. मांजरे का मेली, हे मात्र कुणी खोलात जाऊन पाहिले नाही.

मंडळी, इथे थोडे थांबून विचार करा. मांजरच आधी का मेले? मांजराचे शरीर लहान. खाणे मात्र बहुतेक मासळीचेच. म्हणजे लहान भांड्यात जास्त विष. माणसाचे भांडे मोठे, ते भरायला वेळ लागतो एवढेच. मासा, कावळा, मांजर या तिघांनी जणू एका पाठोपाठ एक येऊन दारावर थाप मारली. दार कुणी उघडले नाही.

मग माणसे

१९५६ सालच्या एप्रिल महिन्यात पाच वर्षांची एक मुलगी कारखान्याच्याच दवाखान्यात आणली. तिला चालता येईना, बोलता येईना, हात-पाय वाकडे होत. दोन दिवसांनी तिच्या धाकट्या बहिणीलाही तेच झाले. शेजारच्या घरांतही तसेच रोगी निघाले. दवाखान्याचे प्रमुख डॉक्टर होसोकावा हाजिमे हे होते. त्यांच्या ध्यानात आले, की हा ओळखीचा रोग नव्हे. १ मे १९५६ रोजी सरकारी आरोग्य खात्याला कळवण्यात आले, की मेंदूचा एक अनोळखी रोग गावात पसरत आहे. ऑक्टोबरपर्यंत ४० रोगी सापडले. त्यांतले १४ मेले.

रोगाची लक्षणे अशी. आधी हाताची बोटे आणि ओठ बधिर होतात. सदऱ्याची गुंडी लावता येत नाही. चालताना झोक जातो. डोळ्यांना फक्त समोरचे दिसते, बाजूचे दिसत नाही. नळीतून पाहावे तसे. ऐकू कमी येते. बोलणे अडखळते. आजार बळावला, की झटके येतात, माणूस ओरडतो, शुद्ध हरपते.

लोकांना वाटले हा साथीचा रोग आहे. रोग्यांना वेगळे ठेवले, घरांवर औषध फवारले. शेजारी त्यांच्या दारावरून जाईनात. दुकानदार त्यांच्या हातचे पैसे घ्यायला कचरू लागले. आधीच गरिबी, त्यात रोग, आणि त्यावर वाळीत टाकल्यासारखे जिणे! काही घरांनी तर रोगी लपवून ठेवले.

कुमामोतो विद्यापीठाचे डॉक्टर तपासाला आले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्यांनी सांगितले, की हा साथीचा रोग नाही. कोणत्यातरी जड धातूचे विष मासळीतून पोटात जात आहे. १९५७ साली गावातल्या सरकारी आरोग्य केंद्राच्या प्रमुखांनी एक साधी परीक्षा केली. धडधाकट मांजरांना खाडीचे मासे खाऊ घातले. थोड्याच दिवसांत ती मांजरेही नाचू लागली. आता आणखी पुरावा कशाला हवा होता? पण धातू कोणता, हे ठरायला वेळ लागला. शेवटी जुलै १९५९ मध्ये विद्यापीठाने जाहीर केले: हे विष पाऱ्याचे आहे.

गटार जिथे खाडीला मिळते, तिथला गाळ तपासला. एक टन गाळात दोन किलो पारा निघाला! रोग्यांचे केस तपासले. एका रोग्याच्या केसांत दहा लाख भागांना ७०५ भाग पारा होता. बाहेरच्या माणसांत हेच प्रमाण सरासरी चार भाग होते.

चारशे नंबरचे मांजर

आता या गोष्टीतला कडू भाग ऐका.

डॉक्टर होसोकावा कारखान्याचे नोकर. पण मनाने ते डॉक्टरच होते. १९५९ साली त्यांनी एक परीक्षा केली. ज्या भागात पारा वापरत, तिथलेच सांडपाणी त्यांनी मांजराच्या खाण्यात मिसळले. या मांजराचा नंबर होता ४००. ऑक्टोबर महिन्यात ते मांजर नाचू लागले. म्हणजे विष कारखान्यातूनच येते, हे कारखान्याच्या आवारातच सिद्ध झाले. डॉक्टरांनी ते वरिष्ठांना सांगितले. वरिष्ठांनी काय केले? परीक्षा थांबवायला लावली, आणि ही गोष्ट बाहेर फुटू दिली नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात कारखान्याने सांडपाणी शुद्ध करायचे एक यंत्र बसवले. मोठा समारंभ झाला. कंपनीचे अध्यक्ष सर्वांसमोर पेलाभर पाणी प्याले, आणि हे शुद्ध केलेले पाणी आहे असे सांगितले. लोकांना धीर आला. पुष्कळांनी पुन्हा खाडीचे मासे खायला सुरुवात केली. पण ते यंत्र पारा काढण्यासाठी नव्हतेच! पाऱ्याचे सांडपाणी त्या यंत्रातून जातही नव्हते, हे पुढे बाहेर आले.

डिसेंबर संपता संपता कंपनीने रोग्यांशी एक करार केला. मेलेल्या माणसामागे तीन लाख येन द्यायचे ठरले. येन म्हणजे जपानी नाणे. भरपाई हा शब्द मात्र टाळला. ही सहानुभूतीची रक्कम म्हटली. आणि एक अट घातली. उद्या कारखानाच दोषी ठरला, तरी आणखी पैसे मागायचे नाहीत. घरात खायला नाही, अंथरुणावर रोगी पडलेला, अशा माणसांनी त्यावर सह्या केल्या. अडला हरी!

मंडळी, तुम्ही आता वाचायला शिकला आहात. आम्ही तुम्हांला वारंवार सांगतो, की कागद पुरा वाचल्याशिवाय त्यावर अंगठा उठवू नका, सही करू नका. मिनामाताच्या लोकांना वाचता येत होते. तरी गरजेने त्यांचा हात धरला. म्हणून नुसते वाचता येऊन भागत नाही. चार माणसांनी एकत्र बसून, एकमेकांना धीर देऊन, मग सही करावी लागते. १९७३ साली न्यायालयाने हा करार रद्द ठरवला आणि कंपनीला भरपाई द्यायला लावले. पण मधे तेरा वर्षांहून जास्त काळ गेला. खटला चालू असताना डॉक्टर होसोकावा आजारी होते. १९७० साली त्यांनी आजाराच्या खाटेवरून चारशे नंबरच्या मांजराची साक्ष दिली. त्याच वर्षी ते वारले.

आईच्या पोटात

सगळ्यात मोठे दुःख पुढे कळले. काही आया धडधाकट दिसत होत्या. पण त्यांना झालेली मुले मान धरीनात, चालेनात, बोलेनात. डॉक्टर म्हणत, “या मुलांनी तर मासा खाल्लेलाच नाही, मग हा तो रोग नव्हे.” पूर्वी सगळ्यांची समजूत अशी, की आईच्या पोटात वार बाळाचे विषापासून रक्षण करते. मिथिल पारा मात्र वारेतून बाळाकडे जातो. आईच्या अंगातले विष पोटातल्या बाळाने आपल्याकडे ओढून घेतले होते. १९६२ साली ही गोष्ट मान्य झाली.

जपानी लोकांत एक रीत आहे. बाळाची नाळ वाळवून लहान डबीत जपून ठेवतात. पुढे संशोधकांनी त्या भागातल्या अशा जुन्या नाळा मागून घेऊन तपासल्या. कोणत्या वर्षी किती पारा बाळांपर्यंत पोचला, हे त्या वाळलेल्या नाळांनी सांगितले. आपण म्हणतो, जिथे नाळ पुरली तिथली ओढ असते. तिथे नाळच साक्षीला उभी राहिली.

शेवटी काय झाले?

१९६५ साली जपानमध्येच निइगाता भागात अगानो नदीकाठी हाच रोग निघाला. तिथेही तसाच कारखाना होता. तिथले लोक नदीचे मासे खात. पहिल्या गावाची गोष्ट दाबली नसती, तर दुसरे गाव वाचले असते.

चिस्सो कंपनीने पारा वापरून करायचे ते काम मे १९६८ मध्ये बंद केले. सप्टेंबर १९६८ मध्ये सरकारने जाहीर केले, की रोगाला कारखान्याचे सांडपाणीच कारण आहे. पहिला रोगी कळवल्यापासून बारा वर्षांनी! सरकारने रोगी म्हणून मान्य केलेली माणसे दोन हजार दोनशेंहून अधिक झाली. ज्यांना पुढे इतर मार्गांनी मदत द्यावी लागली, ती माणसे हजारोंनी आहेत.

खाडीचे काय झाले? १९७४ साली खाडीच्या तोंडाला मोठे जाळे लावले. आतला विषारी मासा बाहेर जाऊ नये म्हणून! १९७७ ते १९९० या काळात तळाचा गाळ उपसला. सुमारे १५ लाख घनमीटर गाळ निघाला. तो कुठे टाकणार? कारण पारा तर कुजत नाही. खाडीचाच एक भाग भिंत घालून बंद केला, त्यात गाळ भरला आणि वर माती टाकली. अशी ५८ हेक्टर नवी जमीन झाली. आज तिथे बाग आहे. बागेखाली पारा आहे. १९९७ साली मासे पुन्हा खाण्याजोगे ठरले आणि जाळे काढले. घाण टाकायला एक नळ पुरला. ती काढायला चौदा वर्षे लागली आणि अफाट पैसा गेला.

२०१३ साली जगातल्या देशांनी पाऱ्याचा वापर कमी करण्याचा करार केला. त्या कराराला मिनामाताचेच नाव दिले. आपल्या देशाने तो २०१८ साली मान्य केला.

शिसे आणि राजहंस

जड धातूंमध्ये पारा एकटाच नाही. शिशाची एक गोष्ट सांगतो. कोंबडी खडे का टिपते? तिला दात नाहीत. पोटातल्या पिशवीत खडे असतात, त्यांवर दाणे दळले जातात. पाणपाखरेही असेच खडे टिपतात. इंग्लंडात लोक गळ टाकताना दोरीला शिशाच्या बारीक गोळ्या बांधत. तुटलेल्या गोळ्या नदीच्या तळाशी पडत. राजहंस त्या खडे समजून गिळत. पोटात त्या दळल्या जात आणि शिसे रक्तात जाई. हंसाची मान लुळी पडे. खाल्लेले पुढे सरकत नसे. दाणा समोर असून तो उपाशी मरे. १९८७ साली तिथे अशा गोळ्या विकायला बंदी आली. त्यानंतर हंसांची संख्या वाढली. म्हणजे माणसाने मनावर घेतले तर गेलेले परत येते, हेही खरे.

पारा प्रत्येक वेळी मारूनच टाकतो असेही नाही. उत्तर अमेरिकेतल्या तळ्यांवर लून नावाचा मासे खाणारा पक्षी असतो. ज्या लूनच्या अंगात पारा जास्त, त्याची पिल्ले कमी निघतात. माशांचेही तसेच. अंडी कमी पडतात, शिकारी आला तरी पळायला उशीर होतो. वरून पाहणाऱ्याला तळे ठीक दिसते. आत मात्र एकेक घर रिकामे होत असते.

आपण काय करावे?

तुम्ही म्हणाल, “गुरुजी, जपानची गोष्ट ऐकली. आमच्या गावात कुठे कारखाना आहे?” नसेल. पण जड धातू गावात येतात. मोटारीच्या बॅटरीत शिसे असते. बारीक दांडीच्या दिव्यांत आणि जुन्या ताप मोजायच्या नळीत पारा असतो. काही सेलमध्ये कॅडमियम असते. मूर्तीच्या काही चकचकीत रासायनिक रंगांतही असे धातू असतात. म्हणून या गोष्टी पाळाव्या:

१. बॅटरी विहिरीजवळ किंवा ओढ्यात फोडू नये, धुऊ नये. ती दुकानदाराला परत द्यावी.

२. जुने सेल, फुटके दिवे उकिरड्यात टाकू नयेत. उकिरड्याचे खत शेतात जाते.

३. पारा सांडला तर मुलांना खेळायला देऊ नये. दारे-खिडक्या उघडाव्या. झाडू लावू नये. दोन जाड कागदांनी गोळ्या गोळा करून झाकणाच्या बाटलीत ठेवाव्या.

४. मूर्ती शाडूची आणि साध्या नैसर्गिक रंगांची घ्यावी.

५. मासा हे चांगले अन्न आहे. या गोष्टीने भिऊन तो सोडू नये. तारली, मांदेली, बांगडा यांसारख्या लहान माशांत पारा कमी असतो. मोरीसारख्या मोठ्या शिकारी माशात तो जास्त असू शकतो. गरोदर बाईने असा मोठा मासा टाळावा.

६. तळ्यात, नदीत एकाएकी मासे मेलेले तरंगले, तर फुकट मिळाले म्हणून घरी आणू नयेत. गुरांना ते पाणी पाजू नये. मासे मरायला दर वेळी धातूच कारण असतो असे नाही; कधी पाण्यात मिसळलेला प्राणवायूही कमी पडतो. पण कारण कळल्याशिवाय विषाची परीक्षा घेऊ नये. ग्रामपंचायतीला लेखी कळवावे. जिल्ह्यात महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे कार्यालय असेल, तर तिथेही अर्ज करावा. अर्जात तारीख, वेळ, जागा आणि काय दिसले ते स्पष्ट लिहावे. एक प्रत पोच घेऊन आपल्याकडे ठेवावी.

हा सहावा मुद्दा आम्हांला सगळ्यात मोठा वाटतो. मिनामाताच्या कोळ्यांनी मांजरे मरताना पाहिली होती. पाहणारे पुष्कळ होते, लिहून ठेवणारे थोडे, आणि ऐकणारे त्याहून थोडे. मुका जीव बोलत नाही. तो फक्त आपल्या आधी मरतो. त्याचे मरण वाचता आले पाहिजे. अक्षर वाचायला तुम्ही आता शिकला आहात. आता नदी, मासा, पाखरू यांच्याकडेही तसेच नीट पाहा. काही वेगळे दिसले, तर कागदावर उतरवा आणि दहा जणांना वाचून दाखवा.

वर्गात बोलण्यासाठी प्रश्न

१. शेण आणि पारा यांत मोठा फरक कोणता?

२. पाणी स्वच्छ दिसत असूनही मासा विषारी कसा होतो?

३. माणसांच्या आधी मांजरे का मेली?

४. चारशे नंबरच्या मांजराची गोष्ट तेव्हाच उघड झाली असती, तर कोण कोण वाचले असते?

५. आपल्या गावच्या ओढ्यात, विहिरीत काय काय टाकले जाते? सगळ्यांनी मिळून यादी करा.